डाव्या बाहीच्या अकरा ओळी

ऑफिसात त्यांना सगळे रफूताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि तोंडावर म्हणायला कुणी कचरतही नव्हतं. कारण खुद्द ताईंनीच एके दिवशी जाड कागदावर मोठ्या अक्षरांत 'रफूताई' असं लिहून आपल्या खोलीच्या दारावर चिकटवून टाकलं होतं. "पाठीमागे म्हणण्यापेक्षा पुढ्यात म्हणा, मला ऐकू तरी येईल," असं वर सांगितलं होतं.

खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दोन खुर्च्या, एक टेबल, सायकल स्टँडकडे उघडणारी खिडकी आणि कोपऱ्यात म्हाताऱ्या मांजरासारखा घुरघुरणारा एक जुना कॉम्प्युटर. त्यावर ताई रोज चौदा हजार टेस्ट चालवायच्या.

त्यांचं काम कंपायलरचं. आपण प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मधे बसून याचं त्याला समजावून देतो तो कंपायलर. त्याची नवी आवृत्ती दर वर्षी निघायची आणि वरच्या मजल्यावरची मंडळी त्या नव्याच्या मागे हात धुऊन लागलेली असायची. पण ज्यांना नवं नकोच असतं अशीही माणसं जगात पुष्कळ असतात. लिफ्ट बनवणारे, वजनकाटे बनवणारे, पाण्याचे पंप बनवणारे. त्यांचं म्हणणं एवढंच, की काल जे चाललं ते उद्याही तसंच चालू दे, फक्त चुका तेवढ्या काढा. त्यांच्यासाठी कंपायलरची एक जुनी, पक्की आवृत्ती सांभाळून ठेवली होती. तिच्यात नवीन काही घालायचं नाही. मात्र एखादी चूक नव्यात दुरुस्त झाली आणि तीच जुनीतही असली, तर ती दुरुस्ती कापायची, बेतायची आणि जुनीच्या मापाची करून बसवायची. हे बसवणं रफूताईंकडे.

हे काम त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर, सहा वर्षांच्या खंडानंतर त्या नोकरीवर परतल्या, तेव्हा सगळं इतकं पुढे गेलं होतं की पहिल्या दिवशी त्यांना स्वतःचा पासवर्ड सोडून काहीच ओळखीचं वाटलं नाही. ऑफिसच्या मुख्य बाई म्हणाल्या, "दोन महिने जुनं सांभाळा. हात बसला की वर या." त्या दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली. वर जायचं तीनदा निघालं, तिन्ही वेळा ताईंनीच अंग काढून घेतलं. जुन्या कोडची कुठली फळी वाजते, कुठला खिळा वर आलाय, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. ते सोडून नव्या घरात पाहुण्यासारखं कशाला बसायचं?

त्यांच्या कामातला निम्मा भाग 'नाही' म्हणण्याचा होता. कुणी म्हणे, ही दुरुस्ती जुनीत घालाच. दुरुस्ती लहान आहे का? तिची टेस्ट, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेली तपासणी, आहे का? नव्यात महिनाभर तक्रारीविना चालली आहे का? यातल्या एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तरी ताईंचंही 'नाही'. घरी नवऱ्याला त्या म्हणत, "सासूची भूमिका आहे हो. सुनेला आत घ्यायची, पण ताडून."

नवरा सार्वजनिक तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवायचा. पन्नाशीच्या, पाण्याला घाबरणाऱ्या माणसांना. तो म्हणे, "तुझं-माझं एकच. माणसं बुडत नाहीत ना, एवढं बघायचं. शर्यती जिंकणारे जिंकतील."

तर एका सोमवारी सकाळी ताईंच्या पुढ्यात एक लांबलचक मेल येऊन पडला. पाठवणारा विणकामाच्या मशीनचा मेकॅनिक होता. दोन बहिणींचा विणकामाचा कारखाना होता, तिथली सहा मशीनं तो सांभाळायचा. त्या बहिणींना अग्निशमन दलाकडून साठ स्वेटरची ऑर्डर मिळाली होती. स्वेटर झाले, पोचले आणि चार दिवसांत सगळेच्या सगळे परत आले. दलाच्या प्रमुखांची चिठ्ठी सोबत होती: 'आपलं काम सुरेख आहे. फक्त आमच्या सर्व जवानांचे डावे हात एकाएकी वाढले आहेत काय, याचा उलगडा व्हावा.'

प्रत्येक स्वेटरची डावी बाही दोन बोटं आखूड होती. उजवी अगदी बरोबर.

मेकॅनिकने सुया बदलल्या, पट्टे बदलले, मशीन दुसऱ्या भिंतीला लावून पाहिलं. फरक शून्य. मशीनच्या कंपनीला विचारलं, तर ते म्हणाले आमचा प्रोग्राम बरोबर आहे, कंपायलरवाल्यांना विचारा, आणि ताईंचा पत्ता देऊन मोकळे झाले.

असे मेल ताईंना आठवड्याला दोन यायचे. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा चूक लिहिणाऱ्याचीच निघायची आणि कंपायलरवर फुकट आळ यायचा. ठरलेलं नम्र उत्तर लिहायला त्यांनी सुरुवातही केली होती. पण मेलच्या तळाशी आणखी चार ओळी होत्या. मेकॅनिकने भिंग घेऊन बाहीच्या ओळी मोजल्या होत्या. खांद्याकडून मनगटाकडे बाही अकरा टप्प्यांत अरुंद होत जाते. डावीकडे त्या प्रत्येक टप्प्यात बरोबर एक ओळ कमी होती. अकरा टप्पे, अकरा ओळी.

ताईंनी लिहिलेलं उत्तर खोडलं. असं मोजणारा माणूस अंगणाला नावं ठेवत नसतो. त्यांनी फोन लावला.

"हे कधीपासून होतंय?"

"दोन महिन्यांपूर्वी मशीनचा नवा प्रोग्राम आला, तेव्हापासून," मेकॅनिक म्हणाला. "त्यानं मशीन जोरात पळतं, मॅडम. पण बाही तेवढी..."

"मग त्या दोघी बहिणी काय म्हणतायत?"

"तेच तर सांगायचंय. मापं मशीनमध्ये भरायचं काम धाकट्या ताईंचं. थोरल्या म्हणतात, हिनंच चुकीची भरली. धाकट्या म्हणतात, मी तीनदा तपासली. तीन आठवडे झाले, अबोला आहे. एकाच खोलीत बसतात आणि निरोप माझ्याकरवी पाठवतात. 'हिला सांगा, निळी लोकर संपली.' हिला म्हणजे कुणाला, तर दोन हातांवर बसलेल्या सख्ख्या बहिणीला! मी मेकॅनिक आहे का टपाल?"

ताईंना हसू आलं, पण फोन ठेवल्यावर ते टिकलं नाही. चूक खरंच कंपायलरची असली, तर चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती, आणि चोर ताईंच्याच घरातला होता.

कंपनीकडून प्रोग्राम आला, नऊ हजार ओळींचा. एवढ्या गवतात सुई शोधायची म्हणजे गवतच कमी करत जायचं. ताईंनी अर्धा प्रोग्राम कापून पाहिला, चूक होतीच. उरलेल्याचा अर्धा कापला, तरी होती. पुन्हा कापला, चूक गेली. मग तो तुकडा परत जोडून दुसरा कापला. मंगळवार असा गेला. संध्याकाळपर्यंत हातात अकरा ओळी उरल्या. त्यात एक लूप होतं, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करण्याची सूचना. उजवी बाही विणताना मशीन ओळी शून्यापासून चढत मोजायचं. डावी तिचं प्रतिबिंब, म्हणून तिथे उतरत मोजायचं, आणि दोन-दोनने. प्रोग्राम जोरात पळावा असं सांगितलं की कंपायलर लूपच्या फेऱ्या आधीच मोजून ठेवतो. तिथे तो, उतरताना, शेवटची फेरी मोजायला विसरत होता.

धाकट्या बहिणीची मापं बरोबर होती. मशीनच्या कंपनीचा प्रोग्रामही बरोबर होता.

ताईंनी तेच नव्या आवृत्तीवर चालवून पाहिलं. तिथे चूक नव्हती. म्हणजे कुणीतरी, कधीतरी ती दुरुस्त केली होती. पण कंपनीला नवी आवृत्ती घ्यायला सांगण्यात अर्थ नव्हता. मशीनमधली चिप इतकी जुनी होती, की नवा कंपायलर तिला ओळखतच नव्हता. दुरुस्ती शोधून जुनीतच आणायला हवी होती. गेल्या तीन वर्षांत नव्यात हजारो बदल झाले होते. ताईंनी मधला बदल घेतला, पाहिलं, मग त्या निम्म्यातला मधला, असं करत करत तेरा पायऱ्यांत त्या एकाच बदलावर येऊन थांबल्या. त्यावर लिहिलं होतं: 'किरकोळ साफसफाई.' लिहिणारा वरच्या मजल्यावरचा प्रोफेसर.

प्रोफेसर खरा प्रोफेसर नव्हता. बोलताना हवेत अदृश्य फळ्यावर लिहायची सवय होती, म्हणून ते नाव पडलेलं. ताईंहून दहा-बारा वर्षांनी लहान, बुद्धीने तल्लख, पण भिंतीत खिळा ठोकायला सांगितला तर घरच नव्याने बांधणारा. त्याची ती किरकोळ साफसफाई तीन हजार ओळींची होती.

ताई जिना चढून वर गेल्या.

"दोन वर्षांपूर्वी तू एक चूक दुरुस्त केलीस."

"मी? कुठली?"

"तुलाच माहीत नाही, हीच तर गोम आहे. तू 'साफसफाई' लिहून मोकळा झालास. 'दुरुस्ती' लिहिलं असतंस तर मी त्याच आठवड्यात उचलली असती."

प्रोफेसरने अकरा ओळी वाचल्या आणि त्याचं बोट हवेत फिरायला लागलं. "अरेच्चा! हे असं होत होतं? छान! मग ताई, आख्खं घेऊन टाका ना. तीन हजार ओळी आहेत, पण स्वच्छ आहेत."

"एका टाक्यासाठी मी आख्खा सदरा बदलणार नाही. माझ्याकडे पंप आहेत, लिफ्ट आहेत. उद्या एखादी लिफ्ट मजल्याच्या अलीकडे थांबली तर तिथे कोण जाऊन उभं राहणार, तू?"

"मग?"

"मग खाली ये. माझा नियम आहे, दुसऱ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुनीत काही जात नाही. आणि हे कोड तुझ्याइतकं कुणाला कळत नाही."

शेवटचं वाक्य खरंही होतं आणि कामाचंही. प्रोफेसर पुढच्या दोन दुपारी खाली येऊन दुसऱ्या खुर्चीवर बसला. पहिल्या दुपारी त्याने नाक मुरडलं. जुन्या कोडमध्ये फेऱ्या एका नव्हे, दोन ठिकाणी मोजल्या जात होत्या. एक जागा दुरुस्त केली की दुसरी तिच्याशी भांडायला उठायची. "हे लिहिलंय कुणी?" असं तो तीनदा म्हणाला. दुसऱ्या दुपारी मात्र त्याने हवेत लिहायचं सोडून चक्क कागद मागितला. शेवटी दोघांनी मिळून सहा ओळी लिहिल्या. तीन हजारांच्या जागी सहा.

"सहा!" प्रोफेसर स्वतःशीच म्हणाला. "मला तीन हजार का लागल्या?"

"तुला घर बांधायचं होतं. मला गळती थांबवायची होती."

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यातला कॉम्प्युटर घुरघुरायला लागला. चौदा हजार टेस्ट. ताई चहा पिऊन आल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. फक्त एक लाल.

जुनीची पुढची दुरुस्त आवृत्ती मंगळवारी निघायची होती. ती हुकली की मग थेट तीन महिन्यांनी. ताईंनी ती लाल टेस्ट उघडली. साधीच होती: चौदापासून शून्यापर्यंत दोन-दोनने उतरत जा आणि किती फेऱ्या झाल्या ते सांग. अपेक्षित उत्तर: सात. कंपायलर आता सांगत होता: आठ.

"बिघडलं वाटतं काहीतरी," प्रोफेसर दारातून डोकावत म्हणाला.

ताईंनी उजव्या हाताची बोटं उघडली. चौदा, बारा, दहा, आठ, सहा. डावा हात उघडला. चार, दोन, शून्य. आठ. पुन्हा मोजलं. आठच.

कंपायलर बरोबर होता. टेस्टच चुकीची होती, आणि ती फक्त जुनीतच उरली होती. इतकी वर्षं ती टेस्ट 'सात' हे उत्तर आलं की हिरवी होत होती आणि सगळं ठीक असल्याची ग्वाही देत होती. कुंपणच शेत खात होतं. ही टेस्ट लिहिली कुणी, ते पाहायला ताईंनी बटण दाबलं.

त्यांचंच नाव आलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, परतल्यानंतरचा दुसरा आठवडा.

त्यांना लख्ख आठवलं. तेव्हा चाळीसेक टेस्ट एका दिवसात लिहायला सांगितल्या होत्या. प्रत्येकीचं उत्तर स्वतः मोजायला वेळ नव्हता, आणि खरं तर धीरही नव्हता. त्यांनी प्रोग्राम चालवला, आलेलं उत्तर उचललं आणि 'अपेक्षित' म्हणून चिकटवलं. यंत्र सांगतंय म्हणजे बरोबरच असणार. त्या दिवशी दोन्ही हातांची बोटं मोजली असती, तर ही चूक तेव्हाच सापडली असती, आणि आज दोन बहिणी एकमेकींशी बोलत असत्या.

कानाची पाळी लाल होणं म्हणजे काय ते ताईंना पन्नासाव्या वर्षी कळलं. प्रोफेसर स्क्रीनवरचं नाव वाचत मागे उभा होता. आता तो काय म्हणणार, या विचाराने त्यांनी मान वळवली नाही.

तो म्हणाला, "ताई, बाकीच्या एकोणचाळीस पण बघून टाकू या का? मी वाचतो, तुम्ही मोजा."

बघितल्या. दुपारचे चार वाजेपर्यंत दोघं बालवर्गातल्या मुलांसारखी बोटांवर मोजत बसली होती. बाकी एकोणचाळीस बरोबर निघाल्या. ताईंनी 'सात' खोडून 'आठ' केलं, आणि बदलाच्या वर्णनात सरळ लिहिलं: 'या टेस्टचं अपेक्षित उत्तर पहिल्यापासून चुकीचं होतं. ते मीच लिहिलं होतं.' प्रोफेसर म्हणाला, दुसरं वाक्य नाही लिहिलं तरी चालेल. ताई म्हणाल्या, "तुला साफसफाई लिहून चालतं. मला नाही चालत."

संध्याकाळी घरी सांगितल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणी बुडालं का?"

"नाही. साठ मनगटं उघडी पडली."

"मग जेव."

मंगळवारी आवृत्ती निघाली. गुरुवारी मशीनच्या कंपनीने आपला प्रोग्राम तिच्यातून नव्याने काढून दिला. शुक्रवारी मेकॅनिकचा फोन आला. "मॅडम, उद्या पहिली बाही विणतोय. तुम्ही याच. माझं एकट्याचं कुणी ऐकायचं नाही."

कारखाना बसने तासाभरावर होता. नवराही सोबत निघाला. म्हणाला, तुझं काम डोळ्यांनी बघायला मिळण्याची संधी पहिलीच आहे. बसवाल्यांच्या वर्कशॉपमागे एक लांब पत्र्याची शेड, आत सहा मशीनांची खडखड, भिंतीला लागून रंगीत लोकरीच्या रिळांच्या उतरंडी. एका टोकाला टेबलाशी थोरली, ठसठशीत, डोक्यावर चष्मा चढवलेली. दुसऱ्या टोकाला धाकटी, गळ्यात टेप. मधे मेकॅनिक, दोन गावांच्या सीमेवर उभ्या केलेल्या दगडासारखा.

मशीन सुरू झालं. गडद निळी डावी बाही खाली उतरत गेली. वीस मिनिटांनी धाकटीने ती काढली, टेबलावर पसरली आणि गळ्यातला टेप काढून बहिणीपुढे ठेवला. स्वतः मोजली नाही.

थोरलीने चष्मा खाली ओढून मोजली. मग उजवी बाही शेजारी ठेवून पुन्हा मोजली. दोन्ही सारख्या.

"तुमच्याकडे चूक नव्हती," ताई पुढे होऊन म्हणाल्या. "मापं पहिल्या दिवसापासून बरोबर होती. चूक आमच्या कंपायलरमध्ये होती, आणि ती पकडायला जी टेस्ट लिहिली होती ती माझीच चुकली होती. म्हणून मुद्दाम सांगायला आले."

थोरली बराच वेळ बाहीवरून हात फिरवत राहिली. मग मेकॅनिककडे बघत म्हणाली, "हिला सांगा..."

"मी नाही सांगत," मेकॅनिक म्हणाला. "आजपासून टपाल बंद."

धाकटीला हसू फुटलं. ते दाबायला तिने तोंडावर हात धरला, पण खांदे हलतच होते. थोरली म्हणाली, "हसतेस काय? तीनदा तपासली म्हणालीस, ती चौथ्यांदा माझ्यासमोर तपासायला काय झालं होतं तुला?"

"तू समोर बसू देत होतीस का, ताई?"

"बसू देत नव्हते म्हणे! इथे खुर्च्या काय कमी आहेत?" असं म्हणत थोरलीने स्वतःच एक खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. मग जे भांडण सुरू झालं ते जवळजवळ पाच आठवड्यांचं साठलेलं होतं: निळी लोकर, दाराची किल्ली, कुणाच्या तरी वाढदिवसाला न केलेला फोन. मेकॅनिक ते संगीत ऐकल्यासारखा ऐकत होता. ताईंच्या नवऱ्याने तेवढ्यात परत आलेल्या साठातला एक स्वेटर चढवून पाहिला होता आणि आरशापुढे डावा हात लांब करून उभा होता. "हा मला द्या," तो म्हणाला. "तलावावर सारखं घड्याळ बघावं लागतं. बाही मधे येत नाही, झकास आहे."

दोघी बहिणींचं भांडण थांबलं. धाकटीने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने धाकटीकडे.

साठ स्वेटरच्या डाव्या बाह्या उसवून नव्या विणायचं ठरलेलं होतं. पण त्या दुपारी धाकटीने दलाच्या प्रमुखांना फोन करून घड्याळाचं सांगितलं. सोमवारी जवानांनीच मत दिलं. एकोणपन्नास जणांना आखूड बाही हवी होती, अकरा जणांना पुरती.

त्याच आठवड्यात ताईंना मेकॅनिकचा मेल आला. या वेळी अगदी लहान. 'मॅडम, आणखी एका दलाची ऑर्डर आली आहे, त्यांनाही डावी बाही आखूडच हवी. जुनी चूक परत मिळेल काय?'

ताईंनी तो मेल प्रोफेसरला वाचून दाखवला. तो इतका हसला की जिन्यावरून जाणारी माणसं थबकली. मग ताईंनी उत्तर लिहिलं: 'नाही. धाकट्या ताईंना सांगा, माप दोन बोटं कमी भरा. कंपायलर त्यांचं ऐकेल.'

प्रोफेसर अजून खुर्चीतच होता. त्याच्या हातात एक कागद होता. गेल्या दोन वर्षांत 'साफसफाई' म्हणून घातलेले आपले सगळे बदल त्याने पुन्हा वाचून काढले होते, आणि त्यात आणखी नऊ दुरुस्त्या लपलेल्या सापडल्या होत्या.

"नऊच्या नऊ घ्याल ना, ताई?"

ताईंनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही किती ओळींची आहे?"

"चारशे."

"नाही," रफूताई म्हणाल्या. "पुढची सांग."